नकाशावर भारत फिका दिसतो, तो का?

प्रश्न : डॉक्टर, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा थोरला भाऊ ७१व्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला. त्याच्या आधीच्या चार वर्षांत आमच्या वाडीतले आणखी दोघे याच दुखण्याने गेले. मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने मोबाइलवर जगाचे दोन नकाशे पाठवले. एकात हा कॅन्सर किती जणांना होतो ते रंगवलंय. त्यात अमेरिका गडद आणि भारत अगदी फिका. दुसऱ्यात त्याने किती जण मरतात ते. त्यात अमेरिका बरीच उजळलेली, वेस्ट इंडीज आणि आफ्रिकेचा मोठा भाग गडद, भारत पुन्हा फिकाच. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हा आपल्याकडचा आजार नव्हे. काळजी मी करायला हवी.’ मग आमच्या वाडीतच तीन माणसं कशी गेली? पाण्यात काही असेल का? माझं २०१७ साली प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, म्हणजे मला तरी आता धोका नाही ना?

उत्तर : गुरुजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. धोका आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या वाटेभोवती असलेली ग्रंथी. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आम्ही लघवीची वाट अडवणारा तिचा आतला भाग तेवढा खरवडून काढतो. शहाळ्यातली मलई काढली तरी करवंटी राहते, तसा बाहेरचा भाग जागच्या जागीच असतो, आणि प्रोस्टेटचे बहुतेक कॅन्सर त्या बाहेरच्या भागातच सुरू होतात. ‘माझं प्रोस्टेट काढलंय’ असं सांगत पुढे दहा वर्षं रक्त न तपासलेले पेशंट मी पाहिलेत. ऑपरेशन करणाऱ्या आम्हा लोकांनीच हे घरी जाताना नीट समजावून सांगायला हवं.

आता नकाशांकडे येतो. मुलाने ते पाठवले हे बरं केलं, कारण दोन्ही शेजारी ठेवल्यावरच खरी गोष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात या कॅन्सरचे सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण होते आणि ३ लाख ९७ हजार मृत्यू. भारतातले नवे रुग्ण सुमारे ३८ हजार, मृत्यू १८ हजारांच्या वर. अमेरिकेत २०२४ सालासाठीचा अंदाज होता जवळपास ३ लाख नव्या रुग्णांचा आणि ३५ हजार मृत्यूंचा.

तुम्ही मुलांना गणित शिकवलंय. भागाकार करून पाहा. अमेरिकेत साधारण साडेआठ नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, आपल्याकडे दोनामागे एक.

हा भागाकार कच्चा आहे, हेही सांगतो. यंदा गेलेला माणूस यंदाच सापडलेला असतो असं नाही. शिवाय अमेरिकेत रक्ततपासणीमुळे असे पुष्कळ संथ कॅन्सर सापडतात, ज्यांनी त्या माणसाला कधीच त्रास दिला नसता. त्यामुळे तिकडचा नव्या रुग्णांचा आकडा फुगतो. एवढं सगळं वजा केलं तरी दोन आणि साडेआठ यांतली दरी बुजत नाही. भारत फिका आहे याचा अर्थ हा आजार आपल्याकडे कमी जणांना होतो, आणि ते खरंच आहे. पण ज्याला होतो त्याच्यासाठी नकाशाचा रंग काही कामाचा नाही.

तो रंग भरला कसा जातो, हेही पाहायला हवं. १९९४ साली माझे सख्खे मामा गेले, आजरा तालुक्यात. वर्षभर कंबर धरलेली, शेवटी लघवी अडली, नळी घातली, पायांतली शक्ती गेली. मी तेव्हा नुकता सर्जरी शिकत होतो आणि सुट्टीत गावी गेल्यावर त्यांना तपासलंही होतं. गुदद्वारातून बोट घालून तपासताना ग्रंथी दगडासारखी लागली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मृत्यूचं कारण लिहिलं गेलं ‘वृद्धापकाळ’. मामा कुठल्याच नकाशात नाहीत. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. कॅन्सरच्या आकड्यांचा मुख्य आधार म्हणून नोंदणी केंद्रांचा. मुंबईचं १९६३पासून चालतंय. आपल्या बार्शीचं १९८७ साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं ग्रामीण केंद्र. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण शोधतात. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण देशाचा मोठा भाग अशा नोंदणीबाहेर आहे. म्हणून भारताच्या फिकेपणात थोडा कोरा कागदही मिसळलेला आहे, असं धरून चाला.

मुंबई-पुण्यात या कॅन्सरचं प्रमाण बार्शी किंवा धाराशिव-बीडच्या नोंदणीपेक्षा बरंच जास्त दिसतं. त्यात शहरी राहणीमानाचा वाटा असेल. पण कोपऱ्यावर लॅब आहे, सोनोग्राफी आहे, म्हणून तो सापडतो, हाही वाटा आहेच. दोन्ही एकत्र गुंतलेले आहेत.

अमेरिकेचा मृत्यूचा नकाशा उजळला कसा, ते ऐका. पीएसए ही प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं एक प्रथिन मोजणारी तपासणी. ती तिथे १९८६ साली मंजूर झाली ती आधीच कॅन्सर असलेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. लवकरच ती सरसकट होऊ लागली आणि १९९२च्या सुमाराला नव्या रुग्णांचा आकडा आभाळाला भिडला. मृत्युदर मात्र १९९३पासून उतरू लागला आणि वीस वर्षांत निम्म्यावर आला. लवकर सापडणं आणि उपचार सुधारणं, दोन्हींचं ते फळ. मग संथ कॅन्सरवरही ऑपरेशनं होऊन माणसं लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक सुख गमावू लागली, म्हणून २०१२ साली तिथल्या तज्ज्ञ मंडळाने सरसकट पीएसए करू नका असं सांगितलं. तपासण्या घटल्या. पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि मृत्युदराचा उतार मंदावला. २०१८ साली मंडळाने सल्ला बदलला: ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं.

त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा या कॅन्सरने होणारा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा आजार मुळातच जास्त होतो, त्यात आनुवंशिकता आहे. पण माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जिथे सगळ्यांना सारखे उपचार मिळतात, तिथे एकदा निदान झाल्यावर कृष्णवर्णीयांचं मरण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. मी हे वाचलं त्या रात्री मामांची आठवण आली.

वेस्ट इंडीजचंही असंच आहे. २०२०च्या अंदाजात जगात दर लाख पुरुषांमागे साडेसात-पावणेआठ मृत्यू, कॅरिबियन बेटांवर २८च्या आसपास, भारतात तीनच्या आत. तिथे वंशाचा धोका आहेच, आणि वर उशीर आहे. आफ्रिकेत वीसहून अधिक देशांत रेडिएशनचं एकही यंत्र नाही. तिथे नकाशा गडद होण्यासाठी आणखी कारण कशाला हवं?

पाण्याबद्दलचा तुमचा प्रश्न भाबडा नाही. वेस्ट इंडीजमधल्याच मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर केळीच्या बागांत सत्तरच्या दशकापासून १९९३पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. ते मातीत, पाण्यात, माणसांच्या रक्तात उतरलं. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं २०१० साली ग्वादलूपमधल्या अभ्यासात दिसलं. २०२१च्या डिसेंबरात फ्रान्सने शेतात कीटकनाशकं हाताळणाऱ्यांच्या या कॅन्सरला व्यवसायजन्य आजार मानलं.

पण तुमच्या वाडीत मला आधी वय दिसतं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तरणे पुरुष मुंबईला. मागे उरले ते बरेचसे साठीपुढचे, आणि हा कॅन्सर साठीनंतरचाच. पन्नाशीच्या आत तो विरळा. तुमच्या वाडीतले पुरुष आणि अंधेरीतल्या एका इमारतीतले तेवढेच पुरुष मोजले, तर वाडीत मृत्यू जास्त निघणारच, पाणी कितीही निर्मळ असो. म्हणून देशादेशांची तुलना करताना वयाचा फरक गणिताने काढून टाकतात, त्याला वय-समायोजित दर म्हणतात. मुलाने पाठवलेले नकाशे बहुधा त्याच दरांचे असतील. वाडीचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता: गेल्या दहा वर्षांत साठीपुढचे किती पुरुष गेले आणि त्यांतले किती या कॅन्सरने. त्यात पन्नाशीतला कुणी असेल तर मला जरूर कळवा, मग आपण पाण्याचा विचार करू.

त्या तिघांपैकी किती जण पाठदुखीने सुरुवात होऊन गेले, हेही घरच्यांना विचारा. हे मी कळकळीने लिहितोय. एकतीस वर्षांच्या माझ्या प्रॅक्टिसमध्ये मला सर्वांत जास्त बोचलेलं वाक्य आहे ‘मणक्यात गॅप आहे म्हणाले’. शिरोळ तालुक्यातले एक ऊसकरी शेतकरी आठ महिने कंबरेला पट्टा बांधून, चोळून, गोळ्या खाऊन शेवटी खाटेवरून माझ्याकडे आले. वय ६६. पाय हलत नव्हते. पीएसए चारशेच्या पुढे. साधारणपणे चारच्या आत असायला हवा. कॅन्सर मणक्यात पोचला होता. आठ महिन्यांत एकानेही त्यांना रक्ताची ती एक चाचणी सांगितली नव्हती.

अशा अवस्थेतही करण्यासारखं पुष्कळ असतं, म्हणून कुणी आशा सोडू नये. पुरुषी हार्मोन थांबवलं की हा कॅन्सर माघार घेतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. इंजेक्शनं परवडत नसतील तर अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया तेच काम करते. हेच हार्मोन रोखणाऱ्या ॲबिराटेरोनसारख्या गोळ्या आता भारतीय कंपन्यांच्या मिळतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. ते शेतकरी त्यानंतर साडेतीन वर्षं जगले. पायांवर मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियात गेलेल्यांमध्ये हा कॅन्सर मायदेशापेक्षा जास्त होऊ लागला, हे फार पूर्वी दिसलंय. अमेरिकेतल्या भारतीय पुरुषांतही तो इथल्यापेक्षा जास्त आणि तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो. राहणीमान आणि तपासण्या, दोन्ही बदलतात. त्याला सांगा, काका या आजाराने गेले हे तिथल्या डॉक्टरच्या कागदावर लिहून ठेव आणि पन्नाशीच्या आसपास पीएसएबद्दल विचार. सोयाबीन, टोमॅटो, जवस यांविषयी जे फिरत असतं त्यात वेळ घालवू नये.

तुमचं मात्र वेगळं आहे. सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला की आपला धोका साधारण दुप्पट होतो. वय ६८, तब्येत ठीक असेल तर मी तुम्हाला पीएसए करून घ्या असंच सांगेन. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊन दीड महिना जाऊ द्या. आदल्या दोन दिवसांत सायकल आणि शरीरसंबंध टाळा. आकडा वाढलेला आला म्हणजे कॅन्सर नव्हे. वयाने सुजलेली ग्रंथीही तो वाढवते. मात्र तुमचा आतला भाग काढलेला असल्याने तुमचा आकडा कमी असायला हवा. तेव्हा लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून समाधान मानू नका, तो मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा आणि बोटाने तपासूनही घ्या. शंका असली तर आधी एमआरआय, मगच बायोप्सी.

आणि सापडलाच तरी लगेच कापाकापी, असं नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागलं: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने तीन टक्क्यांहून कमी माणसं गेली होती. दुसऱ्या बाजूने, युरोपातल्या मोठ्या चाचणीत २३ वर्षांनंतर हिशेब निघाला की ४५६ पुरुषांना पीएसए तपासणीला बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. हे दोन्ही आकडे मी माझ्या पेशंटपुढे ठेवतो आणि ठरवायला त्यांना वेळ देतो. ज्यांच्या सख्ख्या नात्यात कुणी गेलंय, ते बहुतेक तपासून घेतात.

एक काम आजच करा. २०१७च्या ऑपरेशनची फाइल काढा. खरवडलेला भाग तपासणीला पाठवलेला असतो. त्याचा बायोप्सीचा कागद फाइलमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर त्या रुग्णालयातून प्रत मागा. भावाचे कागद वहिनींकडे असतील, तेही घ्या. त्यात ‘ग्लीसन’ या शब्दापुढे आकडे असतील, कॅन्सर किती आक्रमक दिसतो ते त्यावरून कळतं. ते आणि तुमचा पीएसए, तीन-चार ओळींत मला लिहून पाठवा.