नाशिकशी नातं असलेली, पण फारशी चर्चेत नसलेली प्रेरणादायी ख्रिस्ती व्यक्ती कोण?
लक्ष्मीबाई टिळकांचं नाव सगळेच घेतील. जलालपूरची लेक, घ्यायलाच हवं. माझं उत्तर मात्र जेकब वेनराइट. गुलामगिरीतून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा आपल्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला. (शरणपूर रोडवर पार्किंग शोधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!)

१८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले. जेकब तेव्हा त्यांच्या सोबत्यांत होता. सोबत्यांनी त्यांचं काळीज झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबनं वाचली, खोडावर नावही त्यानंच कोरलं. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला देह झाडाच्या सालीत नि कापडात गुंडाळून ही मंडळी कित्येक महिने चालत किनाऱ्याला पोचली. वाटेत टाकून दिला असता तर कोण विचारणार होतं? एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता.