पाणपक्ष्यांसाठी भरतपूरला केव्हा जावे?

प्रश्न : हिप्परगा तलावावर आम्ही हिवाळ्यात बदके पाहतो. यंदा भरतपूरला जायचे आहे. केव्हा जावे, आणि सायबेरियन क्रौंच दिसेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते खेदाचे आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सायबेरियन क्रौंचाची शेवटची जोडी 2001-02 च्या हिवाळ्यात दिसली. त्यानंतर तो तेथे आलेला नाही. 1985 मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे सुमारे 29 चौरस किलोमीटरचे उद्यान तरीही पाहण्यासारखेच आहे.

डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. मात्र धुके दाट असल्यामुळे सकाळची घाई करू नये. तेथील सायकलरिक्षावाल्यांची नजर पक्ष्यांना इतकी सरावलेली असते, की दुर्बीण आपल्या गळ्यात असूनही पक्षी आधी त्यांनाच दिसतो.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब मोठ्या संख्येने पाहायचे असतील, तर हिमाचलातील बियास नदीवरचा पोंग जलाशय गाठावा. तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस आपल्या उजनीवरही उतरतात, हे मात्र विसरू नये.

निघण्यापूर्वी हिप्परग्यावर थापट्या बदक नीट पाहून ठेवा. उलथण्यासारखी रुंद चोच पाण्यात बुडवून तो गोल गोल फिरतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांनी पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपतो. हाच थापट्या भरतपुरातही भेटेल.