गेलेल्या माणसाचे शेवटचे आजारपणच का आठवत राहते?

वडिलांना जाऊन आठ महिने झाले तरी डोळ्यांपुढे रुग्णालयातले शेवटचे तीन आठवडेच येतात, आधीचे सारे आयुष्य जणू पुसले गेले आहे, यात आपलेच काही चुकते आहे का, असे आपण विचारले आहे. चुकत काहीही नाही. आई गेल्यानंतर मी स्वतः जवळजवळ दीड वर्ष याच अवस्थेत काढले आहे.

एखादा अनुभव किती काळ चालला यापेक्षा त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांनाच मन अधिक वजन देते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकदा ६० सेकंद हात बुडवायला सांगितले; दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ बुडवून आणखी ३० सेकंद हात तसाच ठेवायचा होता, मात्र त्या अवधीत पाण्याचे तापमान हळूहळू एका अंशाने वाढवले जात होते. पुन्हा कोणता प्रकार कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. थंड पाण्यातला हात आणि आईचे आजारपण यांची सांगड घालणे मलाही विचित्र वाटते, पण हे वाचल्यावर मनातली अपराधी भावना बरीच ओसरली.

मला उपयोग झाला तो नेमके प्रश्न विचारण्याचा. ‘आई कशी होती?’ असे विचारले की ‘मायाळू’, ‘कष्टाळू’ अशी विशेषणे हाती लागतात आणि ती कोणालाही चिकटवता येतात. म्हणून मी मावशीला विचारले, ‘तुम्ही दोघी कशावरून भांडायचात?’ त्यावर ती दोन तास बोलत होती. आईची कापड बेतायची मोठी कात्री मला तिच्या शिवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली सापडली होती आणि तिच्या मुठीला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर, शाईचा दाब शेवटच्या शब्दावर वाढलेल्या अक्षरात, ‘हिने कागद कापू नये’ असे लिहिलेले होते. त्या कात्रीने वहीचे कव्हर कापून धार घालवणारा मीच, असे मावशीचे म्हणणे. माझ्या आठवणीप्रमाणे तो उद्योग धाकट्या भावाचा. मी दोन्ही हकिकती लिहून ठेवल्या आहेत. त्या दिवशी आईने आम्हा दोघांनाही फटके दिले, हेही लिहिले आहे. ती तापट होती आणि तो तापटपणा वगळला तर उरते ती माझी आई नव्हे.

वडिलांच्या वयाची माणसे अजून असतील तर कागदपत्रे आणि छायाचित्रे बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जावे. फोनमध्ये त्यांचा आवाज असेल तर त्याची प्रत आजच दुसरीकडे ठेवावी. छायाचित्रांमागे नावे व वर्ष मऊ पेन्सिलीने, अलगद हाताने लिहावे. शाई पुढच्या बाजूला उमटण्याची भीती असते.

रुग्णालयातले दिवस मला आजही आठवतात, पण आता त्यांच्या आधीचेही पुष्कळ काही आठवते. परवा मुलीने पार्सल उघडण्यासाठी ती मोठी कात्री मागितली. मी ती दिली नाही. दुसरी शोधून दिली.