मकाऊचं आ-मा मंदिर वेळ काढून बघण्यासारखं आहे का?

हाँगकाँगहून एका दिवसासाठी मकाऊला जाताय आणि समुद्राकाठचं हे चिनी मंदिर नुसतं फोटोपुरतं आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर कसिनोतला तास कापा, पण इथे जा.

फक्त 'समुद्राकाठचं' म्हणून वाळूबिळू डोळ्यांपुढे आणू नका. मंदिर 'बारा' (Barra) नावाच्या टेकडीच्या उतारावर आहे. पुढे चौक, रस्ता, मग बंदराचं गढूळ पाणी आणि पलीकडे मुख्य चीनमधलं जुहाई शहर. लाटा काय त्या चौकातल्या काळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरसबंदीवर!

इथली देवी माझू (तिलाच आ-मा म्हणतात), म्हणजे दर्यावर्दींची आणि कोळ्यांची राखणदार. मंदिर १४८८चं सांगतात. पुढे मकाऊवर राज्य करणारे पोर्तुगीज इथे वसले ते त्यानंतर, १५५७च्या सुमारास.

बहुतेक टूरवाले खालच्या दालनात हात जोडून परत फिरतात. तुम्ही पायऱ्या चढा. वाटेत खडकांवर लाल अक्षरं कोरलेली दिसतील आणि एका शिळेवर रंगवलेलं शिडाचं जहाज. ते चुकवू नका. छताला उदबत्तीची भलीमोठी वेटोळी टांगलेली असतात. कासवछाप मध्यावर धरून उचलली तर खाली लोंबेल, अगदी तशी. प्रत्येकीला नवस बोलणाऱ्याची लाल चिठ्ठी. खाली रेंगाळू नका, राख डोक्यावर पडते. सगळ्यात वर ग्वानयिनचं दालन आहे. ही करुणेची बौद्ध देवता, अवलोकितेश्वराचं चिनी रूप. म्हणजे ताओ या जुन्या चिनी पंथातली माझू आणि बौद्ध देव एकाच आवारात सुखाने नांदतायत, आणि भक्तांनाही त्याचं काही वाटत नाही. गर्दी इथवर फारशी येत नाही.

रीत सोपी आहे. उदबत्तीच्या तीन काड्या पेटवून दोन्ही हातांत धरायच्या, तीनदा वाकायचं आणि राखेच्या पात्रात खोचायच्या. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. चपला मात्र काढत नाहीत; मला हे शेवटपर्यंत चमत्कारिक वाटत राहिलं. चिनी पंचांगातल्या तिसऱ्या चांद्रमासाच्या २३ तारखेला, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, माझूचा जन्मदिवस असतो. तेव्हा गर्दी सोसत असेल तरच जा.

लाइट रेलचं बारा स्टेशन २०२३पासून जवळच झालंय. परत जाताना मात्र चढावरच्या रस्त्याने चालत निघा. थोड्याच अंतरावर कमानींची पिवळी-पांढरी इमारत लागते. ती १८७४ साली बांधली, गोव्याहून पोलिसांच्या मदतीला आणलेल्या हिंदी शिपायांच्या तुकडीसाठी. आता तिथे सरकारी कचेरी आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायची.