कार्डावरचा कर्ब जागचा हलत नाही, मग माती सुधारतेय हे कसं कळेल?

सांवेर, देपालपूर (इंदूर जिल्हा) भागातून आलेला प्रश्न: तीन वर्षं शेणखत घालतोय, नरवाई (कापणीनंतरचे खुंट, काड) जाळणं सोडलं, तरी मृदा आरोग्य कार्डावर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून, खतातून मातीत आलेला कार्बन) ०.५ टक्केच. मेहनत वाया चालली आहे का?

उत्तर: तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. कार्डावरच्या आकड्यात मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला जुना कर्बही येतो. आमच्या काळ्या चिकण मातीत तो फार सावकाश बदलतो. जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरातला कर्ब एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्केच असतो, पण खत, काडीकचरा, नांगरट यांचा परिणाम त्यात लवकर दिसतो. कार्डावरच्या १२ तपासण्यांत तो नाही. जवळच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी होते का, आधी विचारा.

बहुतेकांचं चुकतं ते नमुन्यात. नेहमीच्या सवयीनं माती वाळवली की जीव मरतात, तपासणीच फसते. सोयाबीन काढल्यावर, ओलवणीआधी (पुढच्या पेरणीसाठी रान भिजवण्याआधी), वरचा पालापाचोळा सारून ८-१० जागांवरून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या. मुळं, खडे वेचा, नीट मिसळा. अर्धा किलो ओलसर मातीच पिशवीत भरा, तोंड सैल बांधा, बर्फाच्या डब्यातून एक-दोन दिवसांत पोहोचवा. फ्रीजरमध्ये नको, गोठल्यानं पेशी फुटतात. शेणखत टाकल्यावर महिनाभर थांबा, ताज्या खतावर जीव एकदम वाढून आकडा फुगतो.

प्रयोगशाळेत मातीचे दोन भाग करतात. एकाला २४ तास क्लोरोफॉर्मची धुरी देऊन पेशी फोडतात, दुसरा तसाच ठेवतात. मग दोन्हींतला कर्ब पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात काढतात. समजा, किलोमागे धुरी दिलेल्यात ११८ आणि न दिलेल्यात ४२ मिलिग्रॅम निघाला. फरक ७६, पेशींतला सगळाच कर्ब द्रावणात उतरत नाही म्हणून ०.३८ ने भागायचं: २०० मिलिग्रॅम. कर्ब ०.५ टक्के म्हणजे ५००० मिलिग्रॅम, त्याचे हे ४ टक्के. काही प्रयोगशाळा ०.४५ धरतात, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवू नका. क्लोरोफॉर्म विषारी आहे, घरी हा प्रयोग नको.

शेजाऱ्याच्या हलक्या, मुरमाड रानाशीही तुलना नको. आपलंच शेत, तोच महिना, तीच प्रयोगशाळा, आणि सोबत बांधावरच्या न नांगरलेल्या मातीचा एक नमुना द्या. त्या मातीच्या किती जवळ आपण पोहोचतोय, ते दरवर्षी लिहून ठेवा.