खगोलशास्त्रात कोणता देश कोणत्या उपशाखेत जास्त काम करतो, हे कसं मोजायचं?

नुसते पेपर मोजू नका. तसं केलं तर अमेरिकेसारखे मोठे देश जवळपास प्रत्येक उपशाखेत पुढे दिसतील. वाट्याची तुलना करा. अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी 1965 मध्ये व्यापारासाठी मांडलेलं गुणोत्तर इथे चपखल बसतं.

समजा, देशाचे खगोलशास्त्रातले 1000 पेपर, त्यातले 150 रेडिओ खगोलशास्त्राचे, म्हणजे 15%. जगात हा वाटा 10% असेल, तर निर्देशांक 15 ÷ 10 = 1.5. आता (1.5 − 1) ÷ (1.5 + 1) = 0.2. या रूपात आकडा −1 ते +1 मध्ये राहतो आणि नकाशावर रंग देणं सोपं जातं. छेदात जगाचं फक्त खगोलशास्त्रच घ्या, सगळं विज्ञान नको.

माहितीसाठी ओपनॲलेक्स हा संशोधन पेपरांचा डेटाबेस मोफत आहे. देश लेखकाच्या संस्थेच्या पत्त्यावरून ठरवा, नावावरून कधीच नाही.

गडबड बहुतेकदा मोजणीत होते. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरला 5,154 लेखक होते; अशा पेपरचा पूर्ण एक गुण प्रत्येक देशाला दिला की चित्र फसवं होतं. म्हणून गुण देशांत वाटून द्या. लहान देशांसाठी पाच वर्षांचे पेपर एकत्र घ्या, नाहीतर दोन-चार पेपरांनी आकडा उड्या मारतो.

आणि एक उपशाखा वर गेली की दुसरी आपोआप खाली येते. तिथलं काम घटलं असं समजू नका. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीसारखी रेडिओ दुर्बीण देशाचा कल बदलू शकते, पण दर्जा या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी उद्धरणं (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) वेगळी तपासा.