डू, डज, डिड लावून इंग्लिशमध्ये बरोबर प्रश्न कसा तयार करायचा?

तुम्ही लिहिलंय की डू, डज, डिड, इज, आर सगळे नियम पाठ आहेत पण समोरच्याला काही विचारायची वेळ आली की 'व्हेअर यू आर गोइंग?' नाहीतर 'डिड यू वेंट?' असलं काहीतरी तोंडातून निघतं. मी साताऱ्यात संध्याकाळी इंग्लिशच्या बॅच घेतो, कोरेगाव, रहिमतपूर, वाईकडनं एसटीनं पोरं येतात, आणि ही अडचण चांगल्या मार्कांच्या पोरांना पण तेवढीच येते. कारण आपल्या भाषेत प्रश्न विचारताना वाक्य हलतच नाही, 'तो पुण्याला जातो' ह्याच्या मागं 'का' लावला की झालं, शब्द सगळे जागच्या जागी. इंग्लिशला तसं चालत नाही, तिथं कर्त्याच्या आधी हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे इज, कॅन, डू असलं मदतीचं क्रियापद, आणून ठेवावं लागतं, आणि खरी गोची तिथंच आहे की साध्या वाक्यात ते दिसतच नाही.

जिथं दिसतं तिथं काही अवघड नाही. 'शी इज वेटिंग ॲट पोवई नाका', त्यातलं इज उचला, पुढं ठेवा, 'इज शी वेटिंग ॲट पोवई नाका?' कॅन, विल, शुड, हॅव, हॅज सगळ्यांचं हेच. दोन हेल्पर असतील तर फक्त पहिला हलतो, 'द बस हॅज बीन कॅन्सल्ड' चं 'हॅज द बस बीन कॅन्सल्ड?', बीन तिथंच राहणार.

आता 'ही वर्क्स इन द एमआयडीसी' घ्या. ह्यात हेल्पर कुठाय? आहे, पण वर्क्सच्या पोटात आहे. वर्क्स म्हणजे डज अधिक वर्क, वर्क्ड म्हणजे डिड अधिक वर्क, वेंट म्हणजे डिड अधिक गो. हे मी मनानं जोडलेलं नाही, जोर देऊन बोलताना इंग्रज स्वतः 'ही डज वर्क' म्हणतात, आणि नकारात 'ही डज नॉट वर्क' तर तुम्ही पण म्हणता. म्हणून मी पोरांना मधली एक पायरी मोठ्यानं म्हणायला लावतो, 'ही वर्क्स', मग 'ही डज वर्क', मग 'डज ही वर्क?' डज बाहेर आला की एस त्याच्याबरोबर गेला, मागं राहिलं कोरं वर्क. 'डिड यू वेंट' का चुकतं ते पण इथंच कळतं बघा, भूतकाळ डिडनं एकदा सांगून झाला, वेंटनं परत कशाला सांगायचा. ही मधली पायरी जिभेवर बसवा, बाकी नियम पाठ नसले तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे.

तसं इंग्लिशमध्ये पण हे पहिल्यापासून पक्कं नव्हतं, शेक्सपिअरच्या काळात 'नो यू?' (तुला माहीत आहे का?) पण चालायचं आणि 'डू यू नो?' पण. आज मात्र डू लागतोच.

ॲम, इज, आर, वॉज, वेअर ह्यांना डू कधी लावू नका, 'डू यू आर हंग्री' होत नाही, 'आर यू हंग्री?' एवढंच. हॅव मात्र दोन्हीकडं फिरतं. जवळ काही असणं ह्या अर्थानं आलं की डू घ्यायचा, 'डू यू हॅव चेंज?', आणि मागं दुसरं क्रियापद असेल तर तेच हेल्पर, 'हॅव यू बॉट द टिकीट?'

डब्ल्यूएचचे शब्द ह्या सगळ्याच्या आधी येतात, 'डज ही वर्क' तसंच ठेवून 'व्हेअर डज ही वर्क?' पण हू आणि व्हॉटला एक मोठी मेख आहे, बोर्डाच्या पेपरात अंडरलाइन केलेला भाग उत्तर यावा असा प्रश्न करायला सांगतात तिथं पोरं हमखास अडकतात. आपल्याच जिल्ह्यातलं वाक्य घ्या, 'शिवाजी महाराज किल्ड अफझल खान ॲट प्रतापगड इन 1659'. कधी विचारायचं तर 'व्हेन डिड शिवाजी महाराज किल अफझल खान?', कुठं विचारायचं तर 'व्हेअर डिड', कोणाला मारलं विचारायचं तर 'हू डिड शिवाजी महाराज किल?' पण कोणी मारलं हे विचारायचं असेल तर सरळ 'हू किल्ड अफझल खान?', डिड नाही, उलटापालट नाही, कारण इथं हू स्वतःच कर्ता आहे, त्याच्या आधी काही आणून ठेवायला जागाच नाही. 'व्हॉट हॅपन्ड?' पण ह्याच घरातलं.

आणि हे एकदा जमलं की पोरं सगळीकडंच उलटं करायला लागतात, तेही टाळा. 'कॅन यू टेल मी' किंवा 'डू यू नो' नं सुरुवात केली की प्रश्न तिथंच होऊन जातो, पुढचं वाक्य सरळ चालतं. 'कॅन यू टेल मी व्हेअर द एसटी स्टँड इज?' बरोबर, 'व्हेअर इज द एसटी स्टँड' त्याला जोडायचं नाही. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी हे नक्की घोटावं, कारण तिथं बरेच प्रश्न असे आडून, नम्रपणे विचारलेले बरे असतात.

उत्तर देताना प्रश्नातलाच हेल्पर परत घ्या, 'डज ही वर्क हिअर?' ला 'यस, ही डज'. नकारार्थी प्रश्नाला मात्र सांभाळून. 'डिडन्ट यू गेट द ईमेल?' असं कोणी विचारलं आणि ईमेल मिळाला नसेल तर आपण मराठीत सहज 'हो, नाही मिळाला' म्हणतो, इंग्लिशमध्ये तिथं 'नो, आय डिडन्ट' म्हणायचं, नुसतं यस म्हणालात तर समोरचा मिळाला असं धरून पुढं जाईल.